पाहुण्याला घर सापडलं पाहिजे

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या बाबांचा फोन वाजायला लागायचा. पलीकडचा माणूस आधी स्वतःचं गाव सांगायचा, मग समाजाच्या कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव, आणि मग घसा साफ करून विचारायचा, "तुमची मुलगी हाय ना हो लग्नाची? बायोडाटा पाह्यला." ती मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की निदान हे फोन तरी थांबतील. उलट ते वाढले.

मला राग लवकर येतो. सासरी मिक्सर लवकर तापला तरी माझंच नाव निघतं. मी आर्णीला शाळेत शिकवते, माहेर दिग्रसचं. शनिवारी शाळा सुटली की बसने दिग्रसला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, हे बहीण गेल्यापासून सुरू झालं. आई-बाबा दोघंच राहिले होते, आणि दोघांमध्ये तो फोन.

बायोडाटा बाबांनी स्वतः लिहिला होता. सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक करण्यात गेली, त्यामुळे कागद अर्धवट गेलेला त्यांना खपायचा नाही. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, उंची, शिक्षण. बहीण औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती, तर दुकान कुठल्या चौकात आहे तेही. आईचं माहेरचं आडनाव, मामांची गावं. आणि शेवटी पत्ता. पत्ता म्हणजे घर क्रमांक नाही. बसस्टँडहून सरळ यायचं, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून डावीकडे वळायचं, पाण्याच्या हापसीच्या पुढे पिवळ्या गेटचं घर, असा.

"बाबा, येवढं तर माझ्या आधार कार्डावरबी नाही," बहीण म्हणाली होती. "पत्ता कायले टाकता? तालुका टाका ना फक्त. ज्याले यायचं तो फोन करून विचारीन."

"अवं, पाहुण्याले घर सापडलं पाहिजे," बाबा म्हणाले.

याला कारण होतं. बाबा आईला पाहायला गेले तेव्हा त्यांची माणसं चुकून भलत्याच घराच्या ओसरीवर जाऊन बसली होती. त्या घरीही लग्नाची मुलगी होती. चहा झाला, पोहे झाले, मुलगी समोर येऊन बसली, आणि मग आडनाव निघालं तेव्हा घोटाळा कळला. आई अजूनही चिडवायची की पहिली पसंत केलेली मी नव्हेच. बाबांनी त्या दिवसाचा एवढा धसका घेतला की पुढे प्रत्येक लग्नपत्रिकेत, प्रत्येक बारशाच्या निरोपात ते खाणाखुणांसकट पत्ता द्यायचे. दारात आलेल्याला पाणी आणि दार शोधणाऱ्याला वाट सांगायची, यात लपवण्यासारखं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

फोटो दिग्रसच्याच स्टुडिओत काढला. साडी आईची, गळ्यातला हार माझा, मागे कापडावर रंगवलेली बाग. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर तिला जरा जास्तच उजळ करून दिलं. आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ही आपली पोरगी नाही वाटत बाप्पा." बहीण हसत सुटली. त्या फोटोत तिचे ओठ मिटलेले आहेत, पण डोळ्यांत हसू दाबलेलं दिसतं, कारण समोर उभी राहून मी तिला वेडावून दाखवत होते.

बाबांनी तो फोटो आणि बायोडाटा समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमधल्यांनी तो आपापल्या ग्रुपवर पाठवला. अकोल्याहून फोन आला, नांदेडहून आला, पुण्याहून आला तेव्हा तर बाबांनी मला खास फोन करून सांगितलं. दोन-तीन स्थळं घरी येऊन पाहूनही गेली. एक जवळपास जमलंच होतं.

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. आधी साधा वाटला, तिनेच दुकानातून गोळ्या आणल्या. मग नागपूरला न्यावं लागलं. परत आणलं तेव्हा गेटपाशी इतकी माणसं उभी होती की पिवळा रंग दिसत नव्हता. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मोबाईलमध्ये तिचे शंभर फोटो असतील, पण कुठे ती तोंड वेंगाडते आहे, कुठे अर्धीच आली आहे. स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तोच फोटो होता. त्याने तो मोठा करून दिला, पैसे घेतले नाहीत. चंदनाचा हार घालून तो आम्ही समोरच्या खोलीत दिवाणाच्या वर लावला. लग्नासाठी काढलेला फोटो, तोच.

त्या वर्षी तुळशीचं लग्न आम्ही केलं नाही, पण गावात झालं. आणि पहिला फोन आला. तो आईने उचलला. बाईचा आवाज होता, गोड. "मुलीची उंची खरंच तेवढीच हाय का, आमचा मुलगा जरा उंच हाय." आई फोन हातात धरून तशीच खाली बसली. मला बाबांनी नंतर सांगितलं.

मग मी कंबर कसली. ज्या ज्या ग्रुपवर बाबांनी बायोडाटा टाकला होता त्यांच्या अॅडमिनना एकेक करून फोन लावले. माणसं वाईट नव्हती. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, सगळ्यांनी "आत्ता काढतो ताई" म्हटलं, आणि काढलंही असेल. पण आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी मला समजावलं, "मॅडम, ग्रुपमधून काढून काय होणार? ज्याने ज्याने उघडून पाहिला त्याच्या फोनमध्ये तो उतरला. तिथून पुढे किती जणांकडे गेला, हे कोणालाच सांगता येणार नाही." मी त्यांच्यावरही चिडले, जसं काही त्यांनीच पाठवला होता.

पुढे त्या सरांनाच तो फोटो एका लग्न जुळवणाऱ्या साइटवर सापडला. फोटो तिचा, नाव वेगळं, वय कमी केलेलं, शिक्षण बदललेलं. खाली लिहिलं होतं की नोंदणी करा म्हणजे मुलीचा नंबर आणि पत्ता मिळेल. मी तक्रार लिहिली, उत्तर नाही. यवतमाळला जाऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंदवून घेतलं, आणि काही आठवड्यांनी ती साइट बंदही झाली. नंतर दुसऱ्या नावाने तीच पुन्हा सुरू झाली. मेलेल्या मुलीला लोक दर मोसमात नवं नाव देत होते आणि मी प्रत्येक नावामागे धावत होते.

तेव्हाच कधीतरी बँकेतून कोणीतरी मला फोन केला आणि खातरजमा म्हणून जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारलं. मी ऐकून गारच पडले. बहिणीच्या कागदावर बाबांनी जे प्रेमाने लिहिलं होतं, त्यात आम्हा सगळ्यांच्याच किल्ल्या होत्या. मी सगळ्यांची खाती तपासली, पासवर्ड बदलले, आणि बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, हा नंबर बंद करा. मी नवीन घेऊन देते."

"पेन्शनले हाच नंबर हाय."

"मी बदलून देते."

"ग्यासलेबी हाच हाय."

"तेही करते."

"पाहू ना बेटा. येवढी काय घाई हाय," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आई आतून ओरडली, "बंद करा तो फोन! नाहीतर मी हिरीत टाकून देईन!" आमच्याकडे विहीर नाही. पण आई असं रोजच म्हणायची. तिला फोनची घंटी ऐकू आली की हातातलं काम सुटायचं. एकदा दूध उतू गेलं, एकदा तिने विळीवर बोट कापून घेतलं. मी आईच्या बाजूने होते. बाबा हटून बसले आहेत, निव्वळ कटकट नको म्हणून बसले आहेत, असं मी धरून चालले होते.

एका रविवारी दुपारी मी मागच्या अंगणातून कपडे घेऊन येत होते. बाबा ओसरीवर फोनवर बोलत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"नाही हो, जमलं तिचं," बाबा म्हणत होते. "हो, झालं लग्न. अमरावतीले दिली. जावई बँकेत हाय. नाही नाही, सासू-सासरे चांगले हायेत. तिले दुकान काढून देऊन राह्यले औषधाचं. हो. सुखी हाय. धन्यवाद, धन्यवाद. तुमच्या मुलाचंबी जमन, काळजी नका करू."

फोन ठेवून ते थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्याने समोर पाहत राहिले. मग मी दिसले. त्यांनी फोन सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला. मी कपड्यांचा ढीग हातात घेऊन उभी होते. मी भांडायला कधी कमी पडत नाही, पण कोणाशी भांडायचं ते मला त्या दिवशी समजेना. आत आईने नळ मोठा सोडला होता. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, हे त्या नळाच्या आवाजावरून मला कळलं.

त्यानंतर मी नंबर बंद करायचा विषय काढला नाही. आईला तो बंद व्हायला हवा होता, कारण प्रत्येक फोनला तिची पोर नव्याने जात होती. बाबांना तो चालू हवा होता, कारण तेवढ्यापुरती ती अमरावतीत नांदत होती. दोघांपैकी कोणाचं ऐकलं तरी दुसऱ्याचं काहीतरी कायमचं जाणार होतं. मी दर शनिवारी येत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात, रविवारीच, आमच्या गेटसमोर भाड्याची जीप थांबली. आतून तिघं उतरली. साठीच्या पुढची एक बाई, नव्या कोऱ्या शर्टातला पस्तिशी ओलांडलेला एक माणूस, आणि धोतर-टोपीतले एक गृहस्थ. टोपीवाल्यांच्या हातात मोबाईल होता आणि ते मोठ्याने वाचत होते, "हापसीच्या पुढे पिवळ्या गेटचं घर. हे पाहा! बरोब्बर सापडलं."

बाबा सवयीने उठले. "या, या," म्हणाले. पाणी दिलं. मग विचारलं, कुठून आले.

महागावकडची मंडळी होती, शेतकरी. मुलगा, त्याची आई आणि मामा. कपाशीची वेचणी अर्धी टाकून आले होते. कुठल्याशा विवाह मंडळात नोंदणी केली होती, फी भरली होती. मंडळाच्या बाईने सांगितलं होतं की आपण मुलीची मावशीच आहोत, बोलणं झालेलं आहे, रविवारी जा, वाट पाहताहेत. तिने बायोडाटाही पाठवला होता. नाव बदललेलं. पत्ता मात्र बाबांनी लिहिलेला, शब्दन् शब्द. तो तिने बदलला नव्हता, कारण तिच्या कामाचा तेवढाच होता. एवढा चोख पत्ता पाहून कोणाला शंका येणार?

मामा आणि मुलाची आई दिवाणावर बसली. मुलगा समोरच्या खुर्चीवर. म्हणजे फोटो त्या दोघांच्या पाठीमागे होता आणि मुलाच्या तोंडासमोर.

"हे तुमचीच मुलगी ना, भाऊ?" मामांनी मोबाईल बाबांपुढे धरला.

बाबांनी पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला आणि मग जिभेवर बसलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. "हो, पण तिचं जमलं हो. अमरावतीले दिली. जावई बँकेत..."

मुलगा भिंतीकडे पाहत होता. त्याने स्वतःच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग फोन गुडघ्यावर उलटा ठेवला आणि उभा राहिला.

"काका," तो हळूच म्हणाला, "राहू द्या."

"काहून रे? का झालं?" मामा त्याच्या नजरेच्या रोखाने मागे वळले. त्यांनी टोपी काढली. मुलाची आई वळून पाहत राहिली आणि तिने पदर तोंडाला लावला. बाबा तसेच उभे होते, एक हात पुढे केलेला, "अमरावती" म्हणताना केला होता तसा. मी जाऊन तो हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. ते लहान मुलासारखे बसले.

मामांनी मग त्या मंडळाच्या बाईला फोन लावला. नंबर बंद होता. त्यांनी तिचा उद्धार केला, मुलाने त्यांना गप्प केलं. बाहेर चला म्हणाला. पण आई आतून आली. डोळे पुसून, पदर नीट करून. म्हणाली, "पोहे टाकले हायेत. खाल्ल्याबिगर जाऊ नका." मला कळत नव्हतं की हिने कढई कधी चढवली. जीप थांबल्याचा आवाज आला तेव्हाच चढवली असणार. त्या घरात मुलगी पाहायला आलेल्यांसाठी जे करायचं ते तिच्या हातांनी विचारल्याशिवायच सुरू केलं होतं.

त्यांनी पोहे खाल्ले. मुलगा ताटलीत पाहत एकेक घास खात होता, आणि मला राहून राहून वाटत होतं की बहिणीने याला नक्की हसवलं असतं. नोकरीवाला हवा, असं बाबांनी बायोडाट्यात लिहिलं होतं म्हणून शेतकऱ्यांची स्थळं आमच्यापर्यंत कधी यायचीच नाहीत. त्या बाईने ती ओळही बदलून टाकली होती.

निघताना मुलाची आई स्वयंपाकघरात गेली. पिशवीत ओटीसाठी आणलेला खण होता, नारळ होता. ती आईला म्हणाली, "पोरीसाठी आणलं होतं बाई. घरातून काढलेलं मी परत कशी नेऊ? तुम्हीच घ्या." आईने पदर पुढे केला. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि बहीण गेल्यापासून आई पहिल्यांदा मोठ्याने रडताना मी ऐकली.

गेटपाशी मुलगा माझ्याजवळ थांबला. "ताई, पाहा," म्हणाला आणि फोन माझ्यासमोर धरून त्याने बायोडाटा काढून टाकला, मग फोटो. मग मामांच्या फोनमधूनही काढला. किती लोकांना मी विनवण्या केल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत तो फोटो पुसणारा हा एकटा माणूस. स्वतःची फसवणूक झाली होती त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. जीप वळून जिनिंगच्या भिंतीआड गेली.

संध्याकाळी माझी बस होती. मी पिशवी भरत होते आणि बाबांचा फोन वाजला. आई गॅसपाशी थबकली. बाबांनी नंबर पाहिला, उचलला. पलीकडे नेहमीचा प्रश्न असावा.

"नाही," बाबा म्हणाले. "माझी पोरगी वारली हो. ताप आलता. तो फोटो पुढे नका पाठवू. कोणाले पाठवला असंन, तर त्यालेबी सांगा, की वारली म्हणून."

हेच त्यांनी म्हणावं म्हणून मी कितीदा तळमळले होते. आता म्हणाले, तर मी मागच्या अंगणात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. अमरावतीचं ते घर, ते दुकान, ते बँकेतले जावई, सगळंच त्या एका फोनबरोबर गेलं होतं. ती बस मी चुकवली.

त्यानंतर जो फोन येई त्याला बाबा तेच सांगत. एकाच सुरात, पाठ केल्यासारखं. बातमी हळूहळू फिरली असेल. शिवाय बायोडाट्यावरची जन्मतारीख जुनी होत चालली होती. त्या हिशेबाने पाहिलं तर आता तिला स्थळं यायची वेळ टळून गेली होती.

यंदा तुळशीचं लग्न झालं. आईनेही या वेळी अंगणात केलं. मी घरी होते. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, बाबा पेपर घेऊन, मी वह्या तपासत. फोन खिडकीत होता. सोलता सोलता आईचा हात थांबला.

"काहून वं," ती मला म्हणाली, "यंदा कोणाचाच फोन नाही आला?"

मी वहीतून मान वर केली नाही. बाबा उठले. खिडकीशी गेले, फोन उचलून पाहिला, रेंज आहे का ते पाहिलं, आणि होता तिथे परत ठेवला.

"चालू हाय," म्हणाले.